मॅक्स बेअर : ३६४ दिवसांचा जगज्जेता

हेवीवेट गटातील मुष्टियुद्धाच्या जगज्जेत्यांची नामावळी चाळताना जाणकार मंडळी एका नावापाशी हमखास थांबतात आणि हळहळतात. ते नाव मॅक्स बेअर याचे. त्याच्या उजव्या हातात जेवढी ताकद होती तेवढी त्या काळी दुसऱ्या कोणाच्याही हातात नव्हती, असे मानणारे पुष्कळ होते. छाती पिळदार, खांदे रुंद, उंची सहा फूट अडीच इंच, चेहरा चित्रपटातील नायकाला शोभावा असा. ठोसे खाण्याची सहनशक्ती तर विलक्षण. एवढे सगळे दैवाने एकाच माणसाला दिले. परंतु जगज्जेतेपद त्याच्यापाशी टिकले ते अवघे ३६४ दिवस.

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अमेरिकेतील एका खाटकाच्या मुलाला जागा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे, की २००५ साली ‘सिंड्रेला मॅन’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला. आपल्या घरांतील तरुण मंडळींपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्यात जेम्स ब्रॅडक हा गरीब, सज्जन मुष्टियोद्धा नायक आहे आणि मॅक्स बेअर हा खलनायक. रिंगणात माणसे मारल्याचा ज्याला खेद नाही, उलट घमेंडच आहे, असा एक उर्मट दांडगा त्या चित्रपटाने रंगविला. बेअरच्या मुलाने त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि आमच्या मते ती रास्त होती. दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. गावाकडच्या जत्रेतील कुस्त्यांचे फड ज्यांनी लहानपणी पाहिले आहेत असे वडीलधारे अजून आपल्यांत आहेत. अंगात हत्तीचे बळ असूनही हाती आलेली कुस्ती हसत हसत घालविणारा एखादा पैलवान त्यांनी नक्की पाहिला असेल. त्यांना मॅक्स बेअर परका वाटणार नाही.

बेअरचा जन्म ११ फेब्रुवारी १९०९ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी झाला. वडील जेकब हे मांसाच्या धंद्यात होते. पोटामागे फिरत हे कुटुंब कोलोरॅडोत आणि तेथून कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर या गावी येऊन स्थिरावले. मॅक्सने शाळा लवकरच सोडली आणि तो वडिलांच्या हाताखाली राबू लागला. जनावरांची धुडे खांद्यावरून वाहून आपले खांदे असे झाले, असे तो पुढे सांगत असे. ते खरे असो वा नसो, मुष्टियुद्धाची कोणतीही रीतसर तालीम न घेता तो १९२९ साली स्टॉक्टन येथे व्यावसायिक म्हणून रिंगणात उतरला आणि समोर येईल त्याला आडवा करीत सुटला. पायांची चपळ हालचाल, बचाव, अंतराचा अंदाज या शास्त्रातील गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या आणि त्यांची गरजही भासत नव्हती. हात लांबून, वळसा घालून यायचा. पण एकदा बसला की सामना तेथेच संपायचा. सहज मिळणाऱ्या यशाने माणसाच्या अंगी जी सैल वृत्ती येते, तिचे बीज याच दिवसांत पडले असावे, असे आम्हांस वाटते.

२५ ऑगस्ट १९३० या दिवशी सान फ्रान्सिस्को येथे त्याची गाठ फ्रँकी कॅम्पबेल याच्याशी पडली. कॅम्पबेलचे खरे नाव फ्रान्सिस्को कामिली. तो विवाहित होता. त्याचा भाऊ डॉल्फ कामिली पुढे बेसबॉलमध्ये नामवंत झाला. दुसऱ्या फेरीत बेअरचा तोल जाऊन तो खाली बसला. कॅम्पबेल पाठ वळवून प्रेक्षकांकडे पाहत हात उंचावीत असताना बेअर उठला आणि त्याने धावत जाऊन त्याच्या डोक्यावर ठोसा लगावला. डोक्यात काहीतरी तुटल्यासारखे वाटते, असे कॅम्पबेलने आपल्या कोपऱ्यातील माणसाला सांगितल्याचे नमूद आहे. तरीही तो लढतच राहिला. पाचव्या फेरीत बेअरने त्याला दोरांवर दाबले आणि ठोशांचा वर्षाव केला. कॅम्पबेलची शुद्ध हरपली होती, परंतु पाठीमागच्या दोरांमुळे तो खाली पडू शकत नव्हता. पंचाने लढत थांबविली तोवर फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात कॅम्पबेलचा अंत झाला.

बेअरचे वय त्या वेळी एकवीस होते. तो रुग्णालयात गेला, कॅम्पबेलच्या पत्नीला भेटला. मनुष्यवधाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पुढे तो आरोपातून मुक्त झाला, तरी कॅलिफोर्नियाच्या मुष्टियुद्ध नियामकांनी त्याला एक वर्ष राज्यात लढण्यास बंदी केली. नंतरच्या लढतींतील मिळकतीतून त्याने कॅम्पबेलच्या कुटुंबाला साहाय्य केले. वर्षानुवर्षे त्याला रात्री दचकून जाग येत असे, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले आहे. चित्रपटातील घमेंडखोराशी ताडून पाहण्याजोगी ही हकीकत आहे.

कॅम्पबेलच्या मृत्यूनंतर बेअर न्यूयॉर्ककडे वळला आणि पुढच्या सहा लढतींपैकी चार हरला. अर्नी शाफ, टॉमी लॉफरन, जॉनी रिस्को आणि पाउलिनो उथकुदुन यांनी त्याला गुणांवर नमविले. हरलेल्या या लढतींतही शिकण्यासारखे बरेच होते. लॉफरन हा अत्यंत चतुर खेळाडू. बेअरचा ठोसा निघण्यापूर्वीच त्याची वर्दी समोरच्याला मिळते, हे दोषदर्शन त्याने लढतीनंतर मोकळेपणाने केले. माजी जगज्जेता जॅक डेम्प्सी याने मग बेअरला हाताशी धरले आणि ते लांबचे, वळशाचे ठोसे आखूड व सरळ करण्यास शिकविले. उथकुदुनशी झालेली लढत ४ जुलै १९३१ रोजी रीनो येथे, भर उन्हाळ्यात, उघड्यावर झाली. ती वीस फेऱ्या चालली. त्या लढतीचा प्रवर्तक आणि पंच डेम्प्सीच होता. हा माणूस मनाने कच्चा होता असे जे सरसकट म्हटले जाते, त्यांनी त्या वीस फेऱ्यांचा विचार करावा. डोकी आपटत, कोपरे खात, त्या भट्टीत तो शेवटपर्यंत उभा राहिला.

तेथून त्याचे दैव पालटले. नंतर सुमारे चार वर्षे त्याला कोणी हरवू शकले नाही. ३१ ऑगस्ट १९३२ रोजी शिकागो येथे शाफशी त्याची पुन्हा गाठ पडली. दहावी आणि शेवटची फेरी संपण्यास काही क्षण उरले असता त्याच्या ठोशाने शाफ बेशुद्ध पडला. घंटेने त्याची मोजणी पुरी होऊ दिली नाही, पण त्याला शुद्धीवर आणण्यास कित्येक मिनिटे लागली. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये, इटलीच्या प्रिमो कार्नेराशी लढताना एका साध्याशा वाटणाऱ्या ठोशाने शाफ कोसळला आणि चार दिवसांनी मरण पावला. त्याला आधीपासून मेंदूचा विकार जडलेला असल्याचे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसले. परंतु वृत्तपत्रांनी त्याचे मूळ बेअरच्या त्या ठोशांत शोधले, आणि ‘दोन माणसांचा बळी घेणारा’ ही ओळख त्याला कायमची चिकटली. लढतींची जाहिरात करणाऱ्यांना ती सोयीचीच होती. जिच्यामुळे तिकिटे खपत होती तीच ओळख रात्री त्याला झोपू देत नव्हती.

८ जून १९३३ ची लढत मात्र मुष्टियुद्धापुरती राहिली नाही. समोर जर्मनीचा माजी जगज्जेता मॅक्स श्मेलिंग होता. हिटलरच्या हाती सत्ता येऊन जेमतेम सव्वाचार महिने झाले होते. बेअरच्या वडिलांकडून त्याचा ज्यू वंशाशी संबंध होता. आई ख्रिस्ती होती. त्या रात्री यांकी स्टेडियममध्ये तो आपल्या चड्डीवर ज्यू लोकांची सहाकोनी चांदणी लावून उतरला. ती त्याने श्रद्धेने लावली की तिकिटांच्या खपासाठी, यावर आजही वाद घातला जातो. श्मेलिंग स्वतः नाझी नव्हता आणि त्याचा व्यवस्थापकच ज्यू होता, हेही येथे सांगितले पाहिजे. तथापि दहाव्या फेरीत बेअरने श्मेलिंगला हतबल करून लढत जिंकली तेव्हा न्यूयॉर्कमधील हजारो ज्यू कुटुंबांना ती आपली लढत वाटली, आणि ते वाटणे खोटे नव्हते. त्याच वर्षी बेअर एका चित्रपटाचा नायक झाला; जर्मनीने त्या चित्रपटावर बंदी घातली. या चित्रपटात कार्नेराही होता. चित्रीकरणाच्या फावल्या वेळात बेअरने त्या महाकाय माणसाच्या हालचाली न्याहाळून ठेवल्या, असे म्हणतात.

१४ जून १९३४ रोजी लाँग आयलंड सिटी येथील उघड्या रिंगणात दोघे जगज्जेतेपदासाठी समोरासमोर आले. कार्नेराचे वजन २६३ पौंड, बेअरचे सुमारे २१०. वजनाच्या वेळीच बेअरने कार्नेराच्या छातीवरील केस एकेक उपटत, फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात तसा प्रेमाचा कौल लावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. लढतीत कार्नेरा अकराएक वेळा खाली पडला आणि अकराव्या फेरीत पंचाने लढत थांबविली. येथवर सारे विजयाचेच वर्णन आहे. परंतु मधल्या फेऱ्या पाहिल्या की मनात पाल चुकचुकते. आरंभीच प्रतिस्पर्ध्याला लोळविल्यावर चौथ्या फेरीपासून बेअर हात राखून खेळू लागला, प्रेक्षकांकडे पाहून हसू लागला, विदूषकी करू लागला. जिंकलेली लढत त्याने सहा फेऱ्या उगाच लांबविली. कोणी म्हणतात, घायाळ झालेल्या माणसाला आणखी मारणे कॅम्पबेलनंतर त्याच्याच्याने होत नसे, आणि ही थट्टा म्हणजे हात आवरण्याचे निमित्त होते. कोणी म्हणतात, तो मुळातच उथळ होता. आम्हांस वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि कोणती कधी बलवत्तर होती हे त्याचे त्यालाही कळत नसावे.

त्याच संध्याकाळी, त्याच रिंगणात, मुख्य लढतीपूर्वी एक किरकोळ सामना झाला होता. जेम्स ब्रॅडक नावाच्या एका मागे पडलेल्या मुष्टियोद्ध्याने कॉर्न ग्रिफिन या उगवत्या खेळाडूला तिसऱ्या फेरीत हरविले. ब्रॅडकचा उजवा हात वारंवार मोडला होता. मंदीच्या त्या वर्षांत तो गोदीत हमाली करी आणि घर चालत नाही म्हणून त्याने सरकारी मदतही घेतली होती. हमालीच्या कामात उजवा हात दुखे म्हणून तो डाव्या हातावर भार घेई. त्यामुळे त्याचा डावा हात नकळत बळकट झाला. सारे लक्ष कार्नेरा आणि बेअर यांच्याकडे असता ब्रॅडककडे कोण पाहणार?

पुढचे वर्ष मॅक्स बेअरच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे, आणि आमच्या मते सर्वांत वाया गेलेले. जगज्जेतेपद हाती आल्यावर त्याने एकदाही ते पणाला लावले नाही. प्रदर्शनी लढती झाल्या. रेडिओवरच्या मालिका झाल्या. रात्रीच्या मेजवान्या, सुंदर स्त्रिया, भारी कपडे, मोटारी, यांत दिवस कापरासारखे उडाले. प्रदर्शनी लढती सोडल्या, तर जून १९३३ पासून जून १९३५ पर्यंतच्या दोन वर्षांत तो श्मेलिंग, कार्नेरा आणि ब्रॅडक अशा तिघांशीच लढला. हाच माणूस पूर्वी महिन्यामहिन्याला, कधी पंधरवड्याला रिंगणात उतरत असे. मुष्टियुद्ध हा असा खेळ आहे की त्यात पहाटेची धाव, पोत्यावरचे ठोसे, सरावातील जोडीदाराशी रोजची झटापट, हे कंटाळवाणे काम कोणालाही चुकत नाही. बेअरला संकटाची भीती नव्हती. त्याला भीती होती ती कंटाळ्याची.

आव्हानवीर म्हणून जेव्हा ब्रॅडकचे नाव पुढे आले तेव्हा पैजा लावणारे दहास एक असा भाव देत होते. मधल्या काळात ब्रॅडकने जॉन हेन्री लुइस आणि आर्ट लास्की यांना हरविले होते, हे बेअरच्या कानी आले नसेल असे नाही. पण सरावाच्या तळावर तो विनोदच करीत राहिला. १३ जून १९३५ रोजी त्याच रिंगणात पंधरा फेऱ्यांची लढत झाली. ब्रॅडक शांतपणे डावा हात पुढे करून गुण गोळा करीत राहिला. बेअर मध्येच पाय लटपटल्याचे सोंग करी, मध्येच प्रेक्षकांकडे पाहून तोंडे वेंगाडी. अखेरच्या फेऱ्यांत प्रकरण हाताबाहेर गेल्याचे ध्यानी आले तेव्हा जो एक ठोसा हवा होता तो काही निघाला नाही. तिन्ही निर्णायकांनी ब्रॅडकला विजयी घोषित केले. आपले हात दुखावले होते असे बेअरने सांगितले, आणि ते खरेही असेल. पण ब्रॅडकचे अभिनंदन त्याने मनापासून केले. त्या दोघांतील फरक कशात होता असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही एवढेच सांगू, की ब्रॅडकला घरी दुधाचे बिल थकल्याची आठवण होती आणि बेअरला तसली कोणतीच आठवण नको होती. जी एक आठवण होती तिला टाळण्यासाठीच तो हसत होता. ब्रॅडकने पुढे मदतीची सर्व रक्कम सरकारला परत केली.

पराभवानंतर पंधरा-सोळा दिवसांनी बेअरने मेरी एलेन सुलिव्हन हिच्याशी विवाह केला. हा त्याचा दुसरा विवाह, आणि तो टिकला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला यांकी स्टेडियममध्ये तो जो लुइसपुढे उभा राहिला. लुइस एकवीस वर्षांचा होता. त्याच्या ठोशांत जराही अपव्यय नव्हता आणि चेहऱ्यावर भावनेची एक रेषही नसे. ऐंशी हजारांवर लोक जमले होते. लढतीपूर्वी बेअरला धीर देणे कठीण गेले असे त्याच्या कोपऱ्यात असलेल्या डेम्प्सीच्या बाजूने सांगितले जाते. तिसऱ्या फेरीत त्याला खाली पडावे लागले आणि चौथ्या फेरीत तो एका गुडघ्यावर टेकला. पंच आकडे मोजीत होता, बेअर ते ऐकत होता, आणि तो उठला नाही. उठणे शक्य होते हे त्याने नंतर लपविले नाही. आपला जीव जाताना पाहण्यासाठी लोकांनी याहून महाग तिकिटे घ्यावी लागतील, अशा अर्थाची थट्टा मात्र केली. वृत्तपत्रांनी त्याला भेकड ठरविले.

या निवाड्याशी आम्ही सहमत नाही. ज्याने आपल्या हातांनी दोरांवर टेकलेल्या माणसाची शुद्ध गेलेली पाहिली आहे, तो स्वतः त्या जागी आल्यावर काय करील, हे प्रेक्षागृहात बसून ठरविता येत नाही. पण तेवढ्याने ब्रॅडकशी झालेल्या लढतीचा हिशोब चुकता होत नाही. लुइसशी हरणे हे नशीब होते. त्या काळी लुइसपुढे कोण टिकले असते? ब्रॅडकशी हरणे हे बारा महिन्यांच्या आळसाचे फळ होते. कॅम्पबेलचे नाव पुढे करून ते झाकता येणार नाही, कारण कॅम्पबेलनंतरच त्याने शाफ, श्मेलिंग आणि कार्नेरा यांना नमविले होते.

पुढची कहाणी लौकर सांगून होते. १९३६ मध्ये तो गावोगाव फिरून दुय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढला. १९३७ मध्ये लंडनला टॉमी फारकडून हरला आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कला त्याच फारला त्याने हरविले. त्या रात्री तो पुन्हा पूर्वीसारखा दिसला, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. १ जून १९३९ रोजी लू नोव्हाशी झालेली लढत अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या पहिल्यावहिल्या लढतींपैकी एक. त्यात ओठ फाटून रक्त घशात जात असतानाही तो अकराव्या फेरीपर्यंत उभा होता. भेकड म्हणणाऱ्यांना हे उत्तर उशिरा मिळाले. १९४० मध्ये टोनी गॅलेंटो या धटिंगणाला त्याने धूळ चारली, आणि एप्रिल १९४१ मध्ये नोव्हाकडून पुन्हा हरल्यावर त्याने हातमोजे उतरविले.

दुसऱ्या महायुद्धात तो आणि त्याचा धाकटा भाऊ बडी, जो स्वतः लुइसशी दोनदा लढला होता, सैन्यात दाखल झाले. युद्धानंतर मॅक्सने चित्रपटांत भूमिका केल्या, पंचगिरी केली, आणि माजी मुष्टियोद्धा मॅक्सी रोझनब्लूम याच्या जोडीने रंगमंचावर विनोदी कार्यक्रम केले. म्हणजे रिंगणात ज्या गुणाने त्याचे नुकसान केले, त्याच गुणावर त्याने पुढची पंधरा-वीस वर्षे पोट भरले, आणि चांगले भरले. सॅक्रामेंटोच्या लोकांना तो मित्रांवर पैसा उधळणारा, मुलांना खेळविणारा, कोणाचाही राग न धरणारा शेजारी म्हणून आठवत असे. त्याचा मुलगा, धाकटा मॅक्स बेअर, पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेमुळे घराघरांत पोहोचला.

नोव्हेंबर १९५९ मध्ये फीनिक्स येथील एका लढतीत बेअरने पंचाचे काम केले आणि तो हॉलीवूडला आला. २१ नोव्हेंबरच्या सकाळी हॉटेलच्या खोलीत दाढी करताना त्याच्या छातीत कळ आली. त्याने दूरध्वनीवरून डॉक्टर मागविला, आणि घरच्या डॉक्टरवरून त्या वेळीही एक विनोद केला, असे सांगतात. दुसरा झटका आला तो शेवटचा. तो पन्नास वर्षांचा होता. सॅक्रामेंटो येथे त्याच्या अंत्ययात्रेला दीड हजारांवर लोक जमले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत दोन माजी जगज्जेते होते : ज्याने त्याला सरळ ठोसा शिकविला तो जॅक डेम्प्सी, आणि ज्याच्यापुढे तो एका गुडघ्यावर बसून राहिला होता तो जो लुइस.